तिसरं पाणी

रविवारी सकाळी आई भाजी निवडत बसली होती, तेव्हा धाकटीने तिला अट घातली.

"उद्यापासून आमचा गट तुमच्या धुलाईत येणार आहे. सहा आठवडे. तू मला ओळख दाखवायची नाहीस."

आईने मान वर केली नाही. "का? लाज वाटते?"

"लाज कसली गं. कॉलेजचा नियम आहे, घरचं माणूस जिथे कामाला आहे त्या कंपनीत जायचं नाही. अर्जात तसा रकानाच आहे. मी तो भरला नाही. भरला असता तर दुसरी कंपनी मिळाली असती, बसने दोन तासांवर."

"म्हणजे खोटं लिहिलंस."

"लिहिलं नाही काही. रिकामा सोडला."

"मग ते आळशी माणसाचं खोटं," आई म्हणाली आणि निवडलेली भाजी पाण्यात टाकली. पण अट तिने मान्य केली.

ती धुलाई म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉटेलांच्या चादरी, खाणावळींचे टेबलक्लॉथ, इस्पितळांची पांघरुणं असं सगळं पोत्यांनी तिथे येई आणि धुऊन, वाळवून, घड्या घालून परत जाई. इस्पितळाचे कपडे पिवळ्या पिशव्यांतून येत. माणूस आत उभा राहील एवढ्या मोठ्या पाच मशीन होत्या. एका वेळी मशीनमध्ये जेवढे कपडे मावतात त्याला तिथे घाणा म्हणत. आई एकवीस वर्षांपूर्वी घड्या घालायला म्हणून लागली होती, आता धुलाई विभागाची मुकादम होती. घरी तिला रिमोटची बटणं समजत नसत, पण मशीनच्या आवाजावरून कुठल्या घाण्यात किती ओझं जास्त झालंय ते ती पाठमोरी उभी राहून सांगत असे.

कॉलेजचा उपक्रम असा होता, की शेवटच्या वर्षाच्या मुलांनी तिघातिघांचे गट करून छोट्या कंपन्यांत जायचं आणि त्यांना शाश्वत विकासाचा आराखडा करून द्यायचा. पाणी कुठे वाया जातं, वीज कुठे, कचरा कुठे, आणि ते कमी कसं करायचं, हे मोजून सांगायचं. कंपन्याही हल्ली राजी असत, कारण त्यांची मोठी गिऱ्हाइकं विचारायला लागली होती. धुलाईला सगळ्यात जास्त काम देणाऱ्या हॉटेलाने तर अकरा पानांचा फॉर्म धाडला होता. मालक बत्तीस वर्षांचे. वर्षापूर्वीच त्यांनी वडिलांकडून कारभार हातात घेतला होता. ते दुसऱ्या पानावरच अडले होते.

धाकटीच्या गटात आणखी दोघं होती. एका मुलाला सगळे आकडेशास्त्री म्हणत. चहात साखर किती म्हटलं तरी तो आधी कपाचं माप विचारी. दुसरी होती सजावट. कुठलाही रिपोर्ट तिच्या हाताखालून गेला की त्यावर रंग, चौकटी आणि बाण उगवत. माणसांशी बोलणं मात्र दोघांनाही जमत नसे, म्हणून ते काम धाकटीकडे आलं.

पहिल्या दिवशी मालकांनी तिघांना सगळीकडे फिरवलं. धुलाई विभागाच्या दारात रबरी बूट घातलेली आई उभी होती.

"या मॅडम," ती धाकटीला म्हणाली, "सांभाळून चाला, फरशी ओली आहे."

चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. धाकटीलाच हसू आवरेना, तिने खोकल्याचं निमित्त केलं. पुढे आईने हे सोंग असं काही वठवलं की अतीच झालं. गुरुवारी वाफेत धाकटीला शिंका आल्या, तर आईने एका बाईला हाक मारून सांगितलं, "त्या कॉलेजच्या मॅडमना बाहेर खुर्चीत बसवा. नाजूक असतात ही माणसं." संध्याकाळी घरी यावरून दोघींचं भांडण झालं, पण हसत हसत.

एक मात्र झालं. घरी कामाचं बोलायचं नाही, असं धाकटीने स्वतःपुरतं ठरवून टाकलं. रकाना रिकामा सोडलाच आहे, निदान घरबसल्या माहिती तरी काढायला नको. आणि कारखान्यात ती आईला टाळत होती. चादरी टाकणाऱ्यांशी बोलली, घड्या घालणाऱ्यांशी बोलली, बॉयलरवाल्याशी तासभर बोलली. फक्त जिला सगळं ठाऊक होतं तिच्याशी बोलली नाही.

आकडेशास्त्रीने कॉलेजमधून आणलेले छोटे मीटर पाचही मशीनच्या नळांना बसवले. दोन आठवड्यांत त्याच्याकडे एक लखलखीत आकडा आला. प्रत्येक घाणा एकदा साबणाने धुतला जाई आणि मग तीन पाण्यांतून काढला जाई. मशीनसोबत आलेल्या पुस्तकात दोनच पाणी लिहिलं होतं. तिसरं पाणी बघावं तर जसं आत जाई तसंच स्वच्छ बाहेर येई. ते बंद केलं तर शंभर लिटरमागे सव्वीस लिटर वाचत होते, एका पैशाचंही सामान न घेता.

"तिसरं पाणी का देता?" धाकटीने चारपाच जणांना विचारलं.

"मुकादमबाईंना विचारा," प्रत्येकाने सांगितलं.

तिने विचारलं नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'केवळ सवय'.

चौथ्या आठवड्यात आराखडा मांडायचा दिवस आला. जेवणाच्या खोलीत खुर्च्या लावल्या होत्या. मालक होते, बॉयलरवाला होता, आई होती, कॉलेजचे सर आले होते. सजावटने पडद्यावर निळे थेंब पाडले आणि थेंबांच्या मधोमध भला मोठा सव्वीसचा आकडा नाचवला. धाकटी बोलली, चांगली बोलली. मालकांनी टाळीच वाजवली.

"सव्वीस! इतकी वर्षं आम्ही पाणी ओतत होतो म्हणायचं!" मग ते मागे वळले. "मुकादमबाई, तुमचं काय म्हणणं?"

आई पडद्याकडे बघत होती. तिथे लिहिलं होतं, 'तिसरं पाणी: केवळ सवय'.

"मॅडमनी अभ्यास केलाय," ती म्हणाली. "मी काय सांगणार."

त्याच संध्याकाळी मालकांनी हॉटेलचा फॉर्म भरून पाठवला. सव्वीस हा आकडा त्यांनी जाड अक्षरात लिहिला.

घरी धाकटीने विचारलं, "तू काही बोलली का नाहीस?"

"बोलले की."

"तसं नाही. तुला पटलं का?"

"भूक लागलीय मला," आई म्हणाली. "पानं घे."

धाकटीने पानं घेतली. पुन्हा विचारावं असं तिच्या मनात आलं होतं. पण सरांनी जाताना पाठ थोपटली होती, बक्षिसासाठी नाव पाठवतो म्हणाले होते, आणि आईचं उत्तर ऐकलं तर त्यातलं काय उरेल याची तिला खात्री वाटेना. तिने तोंडात घास घातला आणि विषय सोडला.

सोमवारपासून दोन पाण्यांवर काम सुरू झालं. गुरुवारी दुपारी कॉलेजच्या संगणक खोलीत आकडेशास्त्री कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"सव्वीस यायला हवेत. तेवीस येतायत."

"मीटर बिघडला असेल," सजावट म्हणाली.

"बाकी चार मशीनवर बरोबर सव्वीस. चार नंबरवर घोळ आहे. तिथे काही घाण्यांना अजून तिसरं पाणी दिलं जातंय. कोणीतरी हाताने बटण दाबतंय." त्याने वेळा काढल्या होत्या, पिशव्यांची नोंदवही जुळवली होती. "आणि हे फक्त पिवळ्या पिशव्यांच्या घाण्यांना. चार नंबर कोण चालवतं माहीत आहे? मुकादमबाई स्वतः."

त्याने मालकांना पाठवायची चिठ्ठी लिहून ठेवली होती. 'कर्मचाऱ्याकडून जाणूनबुजून असहकार' असा मथळा होता. तो पाठवायचं बटण दाबणार, एवढ्यात धाकटी म्हणाली, "थांब. उद्यापर्यंत थांब. मी बोलते तिच्याशी."

आकडेशास्त्रीने मान वळवली. "तिच्याशी? मुकादमबाईंना आपण अहो-जाहो करतो ना?"

शब्द तोंडून गेला होता. आता माघार घेण्यात अर्थ नव्हता.

"ती माझी आई आहे."

 सजावट टेबलावर हात आपटून म्हणाली, "म्हणूनच! दोघींच्या डब्यात रोज एकच भाजी! मी म्हणत होते ना तुला?" असं ती आकडेशास्त्रीला म्हणाली. पण त्याला हसू आलं नाही.

"तू रकाना भरला नाहीस," तो म्हणाला. "आपला सगळा गट बाद होईल."

"माहीत आहे."

"आणि तुझ्याच आईने आपला आकडा पाडला."

"का पाडला ते तर विचारू दे मला," धाकटी म्हणाली. "ते आपण अजून विचारलेलंच नाही."

चारला पाळी सुटते. ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. आई बूट बदलून बाहेर आली, तिला बघून सवयीने "काय मॅडम" म्हणाली आणि मग तिचा चेहरा बघून थांबली. दोघी चालायला लागल्या. रस्ता सरळ होता, एका बाजूला गोदामांची भिंत, दुसरीकडे उभे ट्रक.

"चार नंबरवर तिसरं पाणी तू देतेस."

"देते."

"का?"

आईने चालण्याचा वेग कमी केला.

"नऊ वर्षं झाली," ती म्हणाली. "पंप जळला होता. आठ दिवस टँकरवर काम. मोठे मालक म्हणाले, पाणी पुरवून वापरा, दोनातच काढा. मी काढलं. नवव्या दिवशी इस्पितळातून सिस्टरचा फोन. लहान मुलांच्या वॉर्डात बाळांच्या पाठी लाल झाल्यात, सोलवटल्यात. डॉक्टर औषधं बदलून बघतायत, दूध बदलून बघतायत. मी गाडीबरोबर गेले. चादर हातात घेतली, तिचा कोपरा जिभेला लावला. चुरचुरलं. सोडा होता त्यात, साबणाचा."

"जिभेला लावलास?"

"मग काय करू, तुमचे मीटर होते का तेव्हा?" आई पुढे म्हणाली, "चार दिवसांचं एक पोर होतं. त्याला पालथं ठेवलं होतं. पाठीवर टेकवलं की किंचाळायचं. त्याची आई माझ्याकडे बघत होती. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. मी चादरी न्यायला आलेली बाई."

एक ट्रक मागे घेत होता म्हणून दोघी बाजूला थांबल्या.

"आठवड्यात बरी झाली सगळी पोरं. मोठ्या मालकांनी इस्पितळाच्या हातापाया पडून मिटवलं. कुठे लिहिलं नाही, कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून तिसरं पाणी. सगळ्याच घाण्यांना. भीतीनेच म्हण."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?" धाकटीचा आवाज चढला. "मालकांनी सरळ विचारलं तुला!"

"तुझे सर बसले होते. तू उभी होतीस. मी नाही म्हटलं असतं तर पोरीचे सगळ्यांसमोर वाभाडे निघाले असते. आणि ओळख दाखवायची नाही असं तूच म्हणालीस. ओळख नसलेल्या मॅडमला मी चूक कशी दाखवू?" मग ती जरा हळू म्हणाली, "शिवाय कारण तू लिहून टाकलं होतंस. सवय म्हणून. मी वाचलं ते. म्हटलं, हिने ठरवलंय."

धाकटीला आईचा राग आला. दोन पावलांत तो राग स्वतःवर उलटला, आणि मग तिला रडू यायला लागलं, म्हणून ती भिंतीवरच्या जाहिराती वाचत चालू लागली.

"बाकी सगळ्यांना मी दोन पाणी देतेय," आई म्हणाली. "पिवळ्या पिशव्यांना नाही देणार. मालकांनी कामावरून काढलं तरी नाही."

दुसऱ्या दिवशी धाकटी आधी सरांकडे गेली आणि रिकाम्या रकान्याचं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"गुण कापावे लागतील," ते म्हणाले. "बक्षिसाला नाव जाणार नाही. बाकी दोघांचा काय दोष, त्यांचे राहतील. पण आधी कंपनीला जाऊन सांग. मी फोन करणार नाही, तूच सांग."

मालकांच्या केबिनमध्ये चौघं उभी राहिली, तिघं विद्यार्थी आणि आई. धाकटीने सांगितलं. मालकांचा चेहरा आधी गोंधळला, मग तापला.

"मी लिहून दिलंय सव्वीस! हॉटेलला! आता काय सांगू, मुकादमबाईंच्या लेकीने चुकून लिहिलं?"

"लेक चुकली, पण मी गप्प बसले," आई म्हणाली. "माझंही धरा त्यात." आणि तिने इस्पितळाची हकीकत सांगितली, धाकटीला सांगितली तेवढीच, जिभेचं सोडून.

"बाबा मला कधी हे बोलले नाहीत."

"कोणालाच नाही बोलले. जिव्हारी लागलं होतं त्यांच्या."

मालकांनी तिथेच वडिलांना फोन लावला. "बाबा, ते चादरींचं, इस्पितळाचं…" एवढंच म्हणाले आणि पुढे नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर ते खुर्चीत मागे टेकले. "खरं आहे," ते म्हणाले. "मी विचारलं तर बाबा रडायला लागले."

 मग आकडेशास्त्री बोलला. त्या दिवशी सकाळपासून त्याने धाकटीशी एक शब्द काढला नव्हता.

"दोन पाण्यांनी साबण जातो का, हे आपण मोजलंच नाही," तो म्हणाला. "पाणी किती लागतं तेवढंच मोजलं. चूक माझीही आहे. मोजूया."

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून कागदी पट्ट्या आणल्या. कपडा पिळायचा, निघालेल्या पाण्यात पट्टी बुडवायची. सोडा असला की रंग गडद होतो, नसला की नळाच्या पाण्यासारखा राहतो. दोन दिवसांत सेहेचाळीस घाणे तपासले. आई बाजूला उभी राहून पिळलेलं पाणी दोन बोटांत चोळे आणि पट्टी बुडवण्याआधीच सांगे, "आहे" किंवा "गेलं." आकडेशास्त्रीने मुकाट्याने तिच्यासाठी वेगळा रकाना आखला. सेहेचाळीसपैकी चव्वेचाळीस वेळा ती बरोबर निघाली. उरलेल्या दोन वेळा पट्टीच शिळी होती, असं तिचं म्हणणं पडलं, आणि आकडेशास्त्रीने तेही टिपेत लिहिलं.

निकाल स्वच्छ होता. टेबलक्लॉथ, पडदे, पातळ चादरी यांना दोन पाणी पुरत होतं. जाड टॉवेल आणि इस्पितळाचे कपडे यांच्यात दोन पाण्यांनंतरही सोडा राहत होता. त्यांना तिसरं हवंच.

"म्हणजे निम्मं वाचलं," सजावट वैतागून म्हणाली. सगळे थेंब तिला नव्याने काढायचे होते.

"ते तिसरं पाणी फेकता कशाला पण?" आई म्हणाली. "इतकं स्वच्छ असतं. टाकीत धरा आणि पुढच्या घाण्याला साबणाचं पाणी म्हणून वापरा. इस्पितळाचं इस्पितळाला, टॉवेलचं टॉवेलला. मोठ्या मालकांना मी दोनदा सांगितलं होतं."

"मग?"

"ते म्हणाले, बघू."

आकडेशास्त्रीने वही उघडली. पाइपांत, टाकीत वाया जाणारं धरून, सगळं वजा करून आकडा आला एकोणीस.

मालकांनी हॉटेलला चिठ्ठी लिहिली. लिहिताना धाकटीला समोर बसवून घेतलं, कदाचित तिलाही थोडं सोसू दे म्हणून. आधीचा आकडा घाईत दिला होता, खरा एकोणीस आहे, आणि तो का, हे तीन वाक्यांत लिहिलं. हॉटेलकडून एका ओळीचं उत्तर आलं, हा तरी खरा कशावरून? मालकांनी सेहेचाळीस घाण्यांचा तक्ता जसाच्या तसा धाडला, आईच्या रकान्यासकट. पंधरा दिवस काही नाही. मग हॉटेलचा नवा फॉर्म आला, चौदा पानांचा. काम सुरूच राहिलं, एवढा अर्थ मालकांनी त्यातून काढला.

कॉलेजात बक्षीस दुसऱ्या गटाला गेलं. धाकटीचे दहा गुण कापले गेले. सजावट तिच्याशी आठवडाभर धड बोलली नाही आणि मग एका दुपारी आपण होऊन खुर्ची ओढून शेजारी बसली. आकडेशास्त्री मात्र सहा आठवडे संपल्यावरही धुलाईत जात राहिला. एक दिवस त्याने चार नंबरवर पूर्ण पाळी उभ्याने काढली, आणि संध्याकाळी त्याला बसस्टॉपपर्यंत चालवेना.

टाकी बसवली त्या दिवशी धाकटीला मालकांनीच बोलावलं होतं. प्लंबरने शेवटचा पाइप आवळला, आईने चार नंबरचं बटण दाबलं, आणि तिसरं पाणी खळखळत टाकीत चढायला लागलं. सगळे वर बघत उभे राहिले. मालकांनी फोटो काढले. पाणी चढत चढत काठाशी आलं आणि थांबायचं काही नाव घेईना.

"अहो, पाणी थांबवायचा बॉल कुठे अडकला?" आई प्लंबरवर ओरडली.

प्लंबर शिडीवर चढेपर्यंत पाणी काठावरून सांडलं आणि सरळ शेजारच्या इस्त्रीच्या खोलीत शिरलं. तिथे घड्या घातलेल्या चादरींचे ढीग जमिनीलगतच्या फळीवर होते. मग एकच धावपळ. चादरी उचला, इस्त्र्यांच्या तारा काढा, पोछा आणा. मालकांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि झाडू घेऊन पाणी दाराबाहेर लोटायला लागले. धाकटी दोन्ही हातांत चादरी घेऊन टेबलावर चढली होती.

"आई, ह्या कुठे ठेवू?" तिने तिथूनच हाक मारली, सगळ्यांच्या देखत.

"डोक्यावर ठेव!" आई म्हणाली. "आणि उतरताना बघ, फळी हलते ती."

दुसऱ्या दिवशी बॉल बदलला. त्यानंतर टाकी नीट चालली. महिनाअखेरीला आकडेशास्त्रीने मीटर वाचले, तर वाचलेलं पाणी अठरा निघालं. एक कुठे गेला ते तो अजून शोधतो आहे.